फुलं वर गेली तो शनिवार

"हिच्या गावाला गुरुत्वाकर्षण पोचलेलं दिसत नाही अजून," साहेब म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

शनिवार होता. पहिली पाळी नुकती सुटलेली. नाशिकच्या अंबडला आमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मीटिंगचा हॉल आहे, त्याच्या भिंतीवर मोठा टीव्ही. त्या टीव्हीवर माझा गेम चालू होता. मी जन्मात केलेला पहिला. झाडावरून मोहाची फुलं पडतात, खाली टोपली सरकवत ती वेचायची, शेळी येऊन खायच्या आत. एवढाच गेम. पण फुलं पडतच नव्हती. टीव्हीच्या खालच्या कडेतून उगवत होती आणि सरसर वर जात होती. टोपली वर, छताला चिकटल्यासारखी. आणि एका बाजूनं शेळी निघाली, तीसुद्धा वरूनच. आभाळातून चालत.

मी माउस धरून उभी. बंद कुठून करायचं तेच सुचेना.

"आणि हे काय पडतंय? सॉरी, उडतंय?"

"मोह, सर."

"मोह म्हणजे ती दारूची फुलं?" साहेब बाकीच्यांकडे वळले. "अरे, हा गेम नाहीये, भट्टी आहे. काय गं गडचिरोली, घरचा धंदा दाखवतेस का आम्हाला?"

परत हसले. तीसेक माणसं असतील. ऑपरेटर, क्वालिटीवाले, स्टोअरचे. ज्यांच्यासोबत मी रोज डबा उघडते ती. मला मशीन शिकवलं ते आबा पहिल्याच रांगेत होते. तेही हसले. मी बघितलं.

मग साहेबांचा आवाज मऊ झाला.

"बरं, बरं. पुरे आता. आठवीतून शाळा सुटलेली मुलगी आहे ही. जंगलातून आलीये. हिनं कॉम्प्युटरला हात लावला हेच खूप झालं. चला, टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

टाळ्या वाजल्या.

आणि मी म्हणाले, "थँक्यू, सर."

लोक हसले ते मी कधीतरी विसरेन. शेळी आभाळातून चालली, हसण्यासारखंच होतं ते. पण थँक्यू मी म्हणाले. माझ्या तोंडानं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

*

मी गडचिरोलीची नाही. गोंदिया जिल्ह्यातली आहे, देवरीच्या बाजूची. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "हां, म्हणजे गडचिरोली साइड." तेव्हापासून मी गडचिरोली. चार वर्षं. नाव घेऊन मला तिथं कुणी हाक मारली असेल तर आबांनी, तेही 'पोरी' म्हणायचा कंटाळा आला की.

मी कधी दुरुस्त केलं नाही. वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसानं जिल्हा चुकवला तर काय बिघडलं. कामावर घेतलं ना.

शाळा सातवीपर्यंत गावात होती. आठवीला नाला ओलांडून अकरा किलोमीटर. चार महिने मी गेले. मग आई आजारी पडली, भाऊ लहान, कुणीतरी घरी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले. आई बरी झाली, पण मी परत गेले नाही. शाळेनं मला काढलं नाही. विचारायलाही कुणी आलं नाही. एक पोरगी वर्गात दिसत नाही याची कुणाला इतकी फिकीर नव्हती.

अठराव्या वर्षी मुलींना मशीन शिकवायची योजना गावात आली. आम्हाला वीस जणींना नाशिकला आणलं. तीन महिने शिकवलं, मग कारखान्यांत वाटून दिलं. कुणी लग्नाला परत गेली, कुणाला पाठदुखीनं घालवलं. मी राहिले. चुंचाळ्यात दोघींत एक खोली. दुसरी मंदा, सुरगाण्याची, शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला.

मशीनबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. आमच्या मशीनवर लोखंडाचा ठोकळा शिकंज्यात बांधायचा, त्याला जॉब म्हणतात. वरून टूल येतं आणि कापतं. टूलनं कुठं जायचं ते आकड्यांत लिहून द्यायचं. एक्स इतकं, वाय इतकं, झेड इतकं खाली. लिहिलेल्या त्या ओळी म्हणजे प्रोग्राम. पण आकडे मोजायचे कुठून? त्यासाठी आधी जॉबवर एक जागा ठरवावी लागते. तो झिरो. आबा सटाण्याकडचे, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पोरी, पहिले झिरो. बाकी समदं मंग. झिरो चुकना का टूल गयं, जॉब गया, आनि तू बी गयी." झिरोच्या वर गेलं की अधिक, खाली गेलं की वजा. हे माझ्या हातात इतकं बसलंय की पायरी उतरतानासुद्धा मनात वजा येतं.

प्रोग्राम लिहायला खालच्या मजल्यावर काचेची केबिन आहे. तिथं डिप्लोमावाले बसतात. त्यांचा कागद आमच्याकडे येतो, वर कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. कागदाच्या खाली एक चौकोन असतो, 'दुरुस्ती करणाऱ्याचे नाव'. तो चौकोन मी कधी भरलेला पाहिला नाही. दुरुस्त्या व्हायच्याच. मी करायचे. टूल कुठं धडकेल ते कागद वाचूनच मला दिसतं. दोन वर्षं मी आकडे बदलत होते, जॉब बरोबर निघत होते, आणि वर नाव केबिनचं. याचंही मला काही वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं. आपल्याला हात लावू देतात.

कृतज्ञ माणूस फार सोयीचा असतो. हे मला आता कळतंय.

*

उन्हाळ्याच्या तोंडाला धाकट्या साहेबांनी जाहीर केलं की केबिनमध्ये एक खुर्ची वाढणार आहे. धाकटे साहेब म्हणजे मालकांचा मुलगा, आम्ही नुसतं साहेब म्हणतो ते हेच. परदेशात शिकून आलेला, तिशीच्या आतला, कॅन्टीनमध्ये आमच्यात बसून चहा पिणारा. वाईट माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. त्यामुळेच तर त्रास.

त्यांची कल्पना वेगळी होती. परीक्षा नाही, मुलाखत नाही. "चार आठवडे घ्या. मोबाइलवर, लॅपटॉपवर, कशावरही एक साधा गेम बनवा. भाषा तुमची तुम्ही निवडा. ज्याला गेम जमला त्याला लॉजिक जमलं. तो केबिनमध्ये बसेल."

मी हात वर केला. मी भाग घेतला तर चालेल का विचारलं, शिक्षण कमी आहे म्हणून. साहेब म्हणाले, "का नाही? ये ना." तेव्हाही मी थँक्यू म्हणाले. घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, "खुर्चीवर बसून काम भेटन का तुले? मंग पाय नाई सुजनार." आईसाठी खुर्ची म्हणजे पाय. माझ्यासाठी तो कागदावरचा वरचा कोपरा.

मग प्रश्न आला भाषेचा. कॉम्प्युटरशी बोलायच्या भाषा किती असतात ते मला तेव्हा कळलं. आयटीआय केलेली पोरं सगळी पायथॉन घेणार होती. तुषार त्यांचा म्होरक्या, क्वालिटीमध्ये, इथलाच पाथर्डी फाट्याचा. तो म्हणाला, "पायथॉनच घे, सगळे तेच घेतात." मी म्हटलं, माझ्याकडे लॅपटॉप नाही. तो म्हणाला, "मग अवघड आहे." आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागला.

मी तीन दिवस नुसती घाबरत होते. एका व्हिडिओत सांगायचे, ही पहिली शिका. दुसऱ्यात सांगायचे, ती शिकलात तर वाया गेलात. सी म्हणजे पाया. जावास्क्रिप्ट म्हणजे बाजार. पायथॉन म्हणजे सोपं. सोपं म्हणणारा माणूस इतक्या वेगानं बोलायचा की मी तीनदा मागं नेऊन ऐकायचे. चुकीची निवडली तर चार आठवडे गेले, खुर्ची गेली, असं वाटायचं. शेवटी चौथ्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर साहेबांनाच विचारलं.

"सर, मी कोणती घेऊ?"

साहेबांनी विचार केला नाही. "तू ती ठोकळ्यांची घे. रंगीत ठोकळे असतात, एकाला एक जोडायचे. टाइप-बिइप काही करायचं नाही. माझी पुतणी चौथीत आहे, ती करते. तुला जमेल."

मागं कुणीतरी खुसखुसलं. मी थँक्यू म्हणाले आणि बसले.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका. ती निवड बरोबर होती. अगदी बरोबर. माझ्यासारखीनं पहिला गेम करायला ठोकळ्यांचीच भाषा घ्यावी. माझ्या फोनवर ती चालत होती. कंस राहिला, अक्षर चुकलं, असली भानगड नाही. एक ठोकळा 'परत परत कर', एक ठोकळा 'जर असं झालं तर', एक 'इतकं सरक'. मी मशीनवर रोज हेच करत होते. आणि पडद्याचा झिरो मधोमध. वर गेलं की अधिक, खाली गेलं की वजा. जसं मशीन. पहिल्या दिवशी ते बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आठ दिवसांत फुलं पडायला लागली. डब्याच्या सुट्टीत दहा मिनिटं, पाळी सुटल्यावर रिक्षात बसून थोडं, असं करत. शेळीला दोन दिवस लागले.

गेमचा नियम माझा मी केला होता. बाकी गेममध्ये वरून काही पडतं, ते झेललं नाही की माणूस हरतो. आमच्याकडं मोह कुणी झेलत नाही. झाडाखालचा पाला झाडून जागा साफ केलेली असते, फुलं पहाटेपासून टपटप पडत राहतात, उजाडलं की आपण जाऊन वेचायची. खाली पडणं म्हणजेच तर पीक येणं. हरायचं कधी, तर ऊन चढलं आणि शेळ्या आल्या की. म्हणून माझ्या गेममध्ये पडलेलं फूल जमिनीवरच राहायचं. शेळी आली तरच जायचं.

मंदाला खेळायला दिला. ती फोन सोडेना. "अगं, आमच्यात पण असाच वेचतात. पण तुझी शेळी लय हळू आहे. आमची असती तर टोपलीच खाल्ली असती." मग म्हणाली, "टोपली एवढीशी का ठेवलीस? जरा मोठी कर, कोण बघतंय." ती पोट धरून हसत होती आणि फुलं वेचत होती. माझा गेम मनापासून खेळलेली आजवरची ती एकटीच.

त्या आठवड्यात मी चांगली झोपले.

*

शेवटच्या आठवड्यात सोमवारी डब्याच्या वेळी तुषारनं फोन बघितला. मीच दाखवला. त्यानं दोन मिनिटं फुलं वेचली. मग म्हणाला, "छान आहे. पण हे पोरांचं आहे गं. याला कोडिंग नाही म्हणत. यावर सर केबिन देतील होय?"

तो चिडवत नव्हता. खरंच सांगत होता, म्हणून लागलं. मला साहेबांची चौथीतली पुतणी दिसायला लागली. टीव्हीवर ते रंगीत ठोकळे उघडले की लोक काय म्हणतील ते ऐकू यायला लागलं. पाच दिवस उरले होते आणि मी चालता गेम टाकून दिला.

जावास्क्रिप्ट घेतली, कारण फोनच्या ब्राउझरमध्ये चालते एवढंच मला कळलं होतं. व्हिडिओ बघून शिकले. त्या व्हिडिओतला चेंडू आडवा जात होता, डावीकडून उजवीकडे. आडवं मला समजलं. उभ्याचं मी मनानंच लिहिलं, हाताला सवय होती तसं. झिरो खाली, जमिनीवर. खाली जायचं, म्हणजे वजा. वर, म्हणजे अधिक. आधी सगळं वहीत लिहून काढलं, मशीनचं लिहितो तसं, मग फोनवर. शुक्रवारी पडदा पांढराच. काही दिसेना. शनिवारी डब्याच्या सुट्टीत स्टोअरच्या कॉम्प्युटरवर परत सगळं टाइप केलं. तरीही पांढरा. पाळी सुटल्यावर परत जाऊन बघितलं तेव्हा कुठं एक कंस राहिल्याचं दिसलं. तो टाकला. तेवढ्यात वरून बोलावणं आलं.

मशीनवर मी असं कधीच करत नाही. नवा प्रोग्राम आला की आधी टूल वर उचलून हवेत चालवून बघायचं, लोखंडाला न लागता. ड्राय रन. चार वर्षांत एकदाही चुकवला नाही. त्या दिवशी चुकवला. पहिल्यांदा तो गेम चालला तो टीव्हीवर, तीस माणसांसमोर.

पुढचं सांगितलंय.

त्या टीव्हीशेजारी एक फोटो लावलेला आहे. मागच्या वर्षीची स्टाफची सहल. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षाच्या मळ्यात गेले होते, जिथं वाइन करतात. सगळ्यांच्या हातात उंच दांडीचे ग्लास, मधे धाकटे साहेब. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी त्या फोटोकडे बघत होते. द्राक्षं कुजवून दारू केली तर सहल निघते. फोटो काढून भिंतीला लावतात. आमच्या आईनं चैत्रात वाकून वाकून वेचलेलं फूल, ज्याची आम्ही भाकरीबरोबर भाजी खाल्ली, लाडू खाल्ले, ते दिसलं की भट्टी.

हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी थँक्यू म्हणाले. सुचलं ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, कपडे धुताना.

त्याच दिवशी फुलं वर का गेली तेही शोधून काढलं. ब्राउझरच्या पडद्याचा झिरो मधोमधही नसतो आणि खालीही नसतो. वर डाव्या कोपऱ्यात असतो, आणि तिथून खाली जाताना अधिक होत जातं. बस. एवढंच. दोन ओळी बदलल्या आणि फुलं खाली पडली. हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही, केबिनवाल्यांना, साहेबांना, हे माहीत असणार. "झिरो उलटा धरलास, दोन ओळी बदल," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? ती चूक मशीनवर काम करणारी बाईच करू शकते. माझी चूक माझ्या कामातून आली होती. त्यांनी ती माझ्या गावाला चिकटवली.

*

खुर्ची तुषारला मिळाली. त्याचा सापाचा गेम होता, साप खातो आणि लांब होतो. व्हिडिओत होता तसाच्या तसा. चालला.

दहा दिवसांनी त्याचा पहिला प्रोग्राम माझ्या मशीनवर आला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव, नवं कोरं. मी जॉब बांधला, कागद वाचला आणि हात थांबला. ड्रॉइंगमध्ये झिरो मधल्या भोकावर दाखवला होता. त्यानं कोपऱ्यावर धरून आकडे काढले होते. चालवला असता तर टूल सरळ शिकंज्यात घुसलं असतं.

म्हणजे त्याचाही झिरोच चुकला होता.

मी बटण दाबलं नाही. तुषार आला, कागद बघून पांढरा पडला. मागोमाग साहेब आले. साहेबांनी कागद बघितला, तुषारच्या पाठीवर थाप मारली. "होतं रे. पहिलाच आहे." मग माझ्याकडे. "करून टाक ना दुरुस्त. तुला येतं की."

त्यांना माहीत होतं. मला येतं हे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते देव जाणे.

आणि कुणी हसलं नाही. पाथर्डी फाट्याला काय पोचलंय आणि काय नाही, कुणी विचारलं नाही. मी वाट बघितली. खरंच वाट बघितली, एखादं तरी हसेल म्हणून.

"करते, सर," मी म्हणाले. "खाली माझं नाव लिहिते."

"कुठं?"

मी चौकोन दाखवला.

"अगं, नावाचं काय एवढं? आपण टीम आहोत ना."

"मग वरचं पण काढा."

तुषारनं मान खाली घातली. साहेबांना आधी कळलं नाही, मग कळलं. चेहरा तोच राहिला, आवाज बदलला. "गडचिरोली, तुला इथं कुणी उभं केलं ते विसरलीस का?"

 मी भित्री आहे. सॉरी सर अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. 

"विसरले नाही, सर. आणि मी गडचिरोलीची नाही. गोंदियाची आहे."

मशीन बंद होतं, म्हणून सगळ्या ओळीला ऐकू गेलं. मी आकडे बदलले. टूल हवेत चालवून दाखवलं. मग पेन घेतलं आणि त्या चौकोनात माझं नाव लिहिलं, आडनावासकट. आठवीतून सुटलेलं अक्षर. वेडंवाकडं, पण वाचता येईल असं.

साहेब केबिनकडे निघून गेले.

*

सोमवारी हजेरीला माझ्या मशीनसमोर दुसरा पोरगा उभा होता. मला कडा घासायच्या टेबलावर पाठवलं. जॉब मशीनवरून उतरला की त्याच्या कडेला लोखंडाची बारीक धार राहते, ती कानशीनं घासून काढायची. दिवसभर. तिथं आकडे नाहीत, झिरो नाही, कागद येत नाही. आम्ही कागदोपत्री ठेकेदाराच्या; त्याचा माणूस म्हणाला, "ताई, कशाला वाद? गप राहिली असती." करार पावसाळ्यात संपतो. पुढं वाढवतील असं वाटत नाही. दुसऱ्या कारखान्यात विचारलं. दोघांनी दहावीचं प्रमाणपत्र मागितलं.

आबा एकदा टेबलापाशी आले. कानस उचलून बघितली, परत ठेवली. म्हणाले, "समदा हसनात म्हनीसन मी बी हसनू, पोरी."

मी म्हणाले, "माहितीये."

त्यांना माझ्याकडून आणखी काहीतरी हवं होतं. मी दिलं नाही. ते परत मशीनकडे गेले. मला माणूस आवडतो तो. तरी दिलं नाही.

आईचा फोन येतो. "बाई, मोहा पडून रायला आता. तू असती तं टोपली भरली असती लवकर. खुर्चीचं का झालं?" मी सांगितलं, नाही मिळाली. आई म्हणाली, "मंग घरी ये ना." घरी काय आहे ते तिलाही माहीत आहे. मोह एक महिना पडतो. बाकीचे अकरा महिने झाड नुसतं उभं असतं.

चांगलं काही होईल अशी आशा मला आता फारशी नाही. केबिनची काच रोज दिसते, आत तुषार दिसतो. तोही सुखात नाही, सारखा कागद घेऊन मशीनपाशी पळतो आणि तिथला नवा पोरगा त्याला काही सांगू शकत नाही. एकदा दोघं माझ्या टेबलापाशी आले, हळूच कागद पुढं केला. मी विचारलं, "खाली नाव लिहू का?" तुषार इकडं तिकडं बघायला लागला. मी परत कानस चालवायला घेतली.

गेम मात्र परत उघडलाय. जावास्क्रिप्टचा नाही. ठोकळ्यांचा, पोरांचा. तो चांगला होता आणि मी तो लाजून टाकला होता. साहेबांनी हिणवून दिला म्हणून टाकला. त्यांनी तो मखमलीत गुंडाळून दिला असता तर छातीशी धरला असता. म्हणजे निवड माझी नव्हतीच. घेतला तोही त्यांच्या सांगण्यानं आणि टाकला तोही त्यांच्या भीतीनं. आता दुसऱ्यांदा घेतलाय तो माझ्या मनानं. शेळीचा वेग वाढवलाय. मंदा म्हणते आता जमतंय.

हॉलच्या दारावर नवी नोटीस लागली आहे. दुसरी बॅच. पुन्हा चार आठवडे, पुन्हा गेम, भाषा ज्याची त्यानं निवडायची. टेबलावरच्या बायकांनी यायचं नाही असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचली. नाव घातलंय. खुर्ची मला मिळणार नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

तरी त्या शनिवारी मी वर जाणार. आधी ड्राय रन करून जाणार. कोणत्या भाषेत केलास विचारलं तर सांगीन, चौथीतली मुलं करतात तिच्यात. काय पडतंय विचारलं तर सांगीन, मोह. कुणी दारू म्हणालं तर भिंतीवरच्या फोटोकडे बोट करीन. आणि हिच्यासाठी टाळ्या वाजवा असं कुणी म्हणालं, तर मी टीव्ही बंद करीन आणि टाळ्यांसाठी उठलेले हात खाली येईपर्यंत उभी राहीन.

थँक्यू म्हणणार नाही.